‘पुढचं पुन्हा सांगा’ : फाइल अर्धवट का राहते?



आजचा विषय वाचून काही जणांनी हा व्हिडिओ उघडलाच नसेल. फाइल डाउनलोड करण्यात बोलण्यासारखं काय आहे? बटण दाबायचं, पट्टी सरकताना बघायची, संपलं. पण ती पट्टी ९० टक्क्यांवर थांबली आणि नंतर परत शून्यावर गेली, असं ज्यांच्या बाबतीत झालंय ते नक्की आले असतील. मी त्यांच्याशीच बोलणार आहे.

मी म्हैसूरला राहतो. घरापासून चालत जावं आणि मराठी पुस्तक चाळून विकत घ्यावं, असं दुकान माझ्या आसपास नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद, तंजावरकडच्या ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची हीच गत असणार. पुण्यातल्या माणसाला डाउनलोड ही सोय असते. आपलं मात्र अर्धं ग्रंथालयच त्या वाटेनं येतं. जुनी पुस्तकं, दिवाळी अंक, गावाकडच्या जमिनीचा सात-बारा, पेन्शनचे कागद, सगळं त्याच वाटेनं. ती वाट कशी बांधली जाते आणि कुठे खचते, ते आज बघू.

माझी नोकरी सिग्नल्समध्ये गेली, त्यामुळे मी हे रेडिओवरून समजून घेतलं. तुम्हालाही तसंच सांगतो. रेडिओवर लांबलचक संदेश द्यायचा असला, की पाठवणारा आधी त्यात एकूण किती शब्दगट आहेत ते सांगतो. घेणारा लिहून घेतो आणि शेवटी मोजतो. मध्येच खरखर झाली आणि पुढचं ऐकू आलं नाही, तर घेणारा ‘काही कळलं नाही, पहिल्यापासून सांगा’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘से अगेन ऑल आफ्टर’, आणि नीट ऐकू आलेला शेवटचा शब्द सांगतो. म्हणजे या शब्दाच्या पुढचं सगळं पुन्हा सांगा. पाठवणारा तिथूनच पुढे वाचतो. आणि सगळं मिळाल्याशिवाय ‘रॉजर’ म्हणायचं नाही, हा तिथला नियम. सिनेमात लोक उठसूट रॉजर म्हणतात, तो भाग वेगळा.

विनाखंड डाउनलोड म्हणजे एवढंच. वाट तुटणारच, बोगदा येणार, वीज जाणार, लिफ्टमध्ये शिरलं की फोनची रेंज जाणार. प्रश्न असा, की तुटल्यावर ‘कुठपर्यंत आलं होतं’ हे कोण लक्षात ठेवतं.

आता हे संगणकात कसं आलं ते बघू. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचे नियम पहिल्यांदा लिहून काढले ते एका भारतीयानं. अभय भूषण. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. अमेरिकेत एमआयटीत असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा लिहिला. तेव्हा आजचं इंटरनेट नव्हतं, त्याचा पूर्वज अर्पानेट होता. पुढे एफटीपीत ‘रीस्टार्ट’ची आज्ञा आली. आपलं ‘से अगेन ऑल आफ्टर’च.

मजा अशी, की नंतर वेब आलं आणि हा शहाणपणा काही वर्षं बाजूला पडला. वेब चालतं एचटीटीपीवर. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या १.० आवृत्तीत फाइल मधूनच मागायची तरतूद नव्हती. जानेवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीत ती आली. तिचं नाव रेंज. ब्राउझर सर्व्हरला सांगतो, मला या फाइलचा अमुक बाइटपासून पुढचा भाग हवा. सर्व्हरला ते जमत असेल तर तो २०६ क्रमांकाचं उत्तर देतो, अर्थ ‘हा घ्या अर्धा भाग’. जमत नसेल किंवा त्याला तसं शिकवलेलंच नसेल, तर तो २०० म्हणतो आणि पहिल्यापासून सगळी फाइल पुन्हा ओतायला लागतो. तुमची पट्टी शून्यावर जाते ती या क्षणी.

कोणी म्हणेल, इंटरनेट तर हरवलेले तुकडे आपोआप पुन्हा मागून घेतं ना? घेतं. ते काम टीसीपीचं. ५० एमबीचं पुस्तक तुमच्याकडे एकसंध येत नाही, ते दीड हजार बाइटांहून थोड्या लहान अशा सुमारे ३४,००० तुकड्यांत येतं. प्रत्येक तुकड्याची जागा ठरलेली, पोच ठरलेली. एखादा हरवला तर पुन्हा पाठवला जातो. पण टीसीपीची आठवण जोडणी असेपर्यंतच. जोडणी पूर्ण तुटली की सगळा हिशेब पुसला. संत्री बदलला आणि जाणाऱ्यानं येणाऱ्याला काहीच सांगितलं नाही, तसं. म्हणून वरच्या पायरीवर आणखी कोणीतरी वही ठेवावी लागते.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे घरोघरी ५६ के मोडेम आले. त्या मोडेमवर तेच ५० एमबी उतरवायला पूर्ण वेग मिळाला तरी दोन तास लागत, आणि पूर्ण वेग कधी मिळत नसे. तेवढ्यात घरातलं कोणीतरी फोन उचललं, की खेळ खलास. त्या गरजेतून गेटराइट, फ्लॅशगेटसारखे डाउनलोड मॅनेजर आले. १९९६ मध्ये क्रोएशियाच्या ह्रवोये निक्शिच यांनी ‘डब्ल्यूगेट’ लिहिलं. संथ आणि बेभरवशाच्या जोडणीवरही काम तडीस न्यावं, हाच त्याचा हेतू. ते आजही चालतं. त्याला ‘कंटिन्यू’ म्हटलं की ते डिस्कवरची अर्धी फाइल मोजतं आणि पुढचं मागतं. आज हे काम ब्राउझर स्वतः करतो. डाउनलोड चालू असताना क्रोमच्या फाइलला ‘सीआरडाउनलोड’ आणि फायरफॉक्सच्या फाइलला ‘पार्ट’ असं शेपूट दिसतं. ती अर्धवट फाइल कचरा समजून पुसू नका. ब्राउझरनं लक्षात ठेवलंय, ते तिथेच आहे.

मग आजही पट्टी शून्यावर का जाते? इथे जरा थांबतो, कारण खरी दुखरी जागा हीच आहे.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत, मूळ चंदगड तालुक्यातले. मुलगा इथे नोकरीला, म्हणून म्हैसूरला असतात. एक दिवस फोन घेऊन आले. ‘साहेब, कागद येतोय येतोय म्हणतंय आणि येतच नाही.’ बघितलं तर त्यांच्या फोनमध्ये एकाच नावाच्या सात पीडीएफ. एकही उघडेना. प्रत्येक जेमतेम १४ केबीची. त्यातली एक मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. आत त्यांचा कागद नव्हताच, त्या संकेतस्थळाचं लॉगिनचं पान होतं! कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण हा घोटाळा एकाच ठिकाणचा नाही. झालं होतं असं, की त्या दुव्याचं आयुष्य काही मिनिटांचं ठेवलेलं. सुभेदार राहतात तिथे नेटवर्क संथ. फाइल पुरी होण्याआधी मुदत संपायची, जोडणी तुटायची. ब्राउझर इमानदारीत पुढचा भाग मागायला जायचा, आणि सर्व्हर पुढच्या भागाऐवजी ‘आधी लॉगिन करा’ हे पान पाठवून द्यायचा. फोन बिचारा तेच पान पीडीएफ म्हणून ठेवून घ्यायचा आणि वर ‘डाउनलोड पूर्ण’ असं सांगायचा.

सुरक्षेसाठी मुदत हवी, मान्य. लष्करात परवलीचा शब्द रोज बदलतो. पण चौकीतून आत घेतलेल्या माणसाला मधल्या अंगणात अडवून परत फाटकाबाहेर पाठवत नाहीत. एकदा सुरू झालेली फाइल पुरी होईपर्यंत तिला मुभा देता येते. नसेल द्यायची, तर निदान ‘मुदत संपली’ असं स्वच्छ सांगावं, पीडीएफच्या नावाखाली भलतंच पान देऊ नये. ज्यानं ती मुदत ठरवली त्याच्या टेबलावर वेगवान इंटरनेट होतं, एवढंच माझं म्हणणं. सुभेदारांचा कागद शेवटी माझ्या घरच्या वायफायवर दीड मिनिटात उतरला. त्यांना वाटलं मी काहीतरी युक्ती केली.

दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. अर्धी फाइल काल आली, उरलेली आज मागितली, पण दरम्यान सर्व्हरवरची फाइल बदलली असेल तर? एका आवृत्तीचे पहिले दहा अध्याय आणि दुसरीचे पुढचे आठ, अशी पोथी शिवल्यासारखं होईल. म्हणून सर्व्हर प्रत्येक फाइलला एक ओळखखूण देतो, तिला ईटॅग म्हणतात. ब्राउझर पुढचा भाग मागताना तीच खूण दाखवतो, म्हणजे ‘फाइल तीच असेल तर पुढचं द्या, नाहीतर पहिल्यापासून द्या’. काही संकेतस्थळं तुम्ही बटण दाबलं की दर वेळी पीडीएफ नव्यानं तयार करतात. मजकूर तोच, पण खूण दर वेळी वेगळी किंवा खूणच नाही. तिथे ब्राउझर जोखीम घेत नाही, शून्यापासून सुरू करतो. त्याचं बरोबरच आहे.

पोथीवरून आठवलं. फाइल पूर्ण आली, पण जशीच्या तशी आली का, हे आपल्याकडचे लेखनिक कसं तपासत? ओवीबद्ध ग्रंथांत अध्याय संपला की ओवीसंख्या लिहिलेली असते. संस्कृत हस्तलिखितांच्या शेवटी बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून एकूण संख्या देत. नकलाकाराची मजुरी त्यावर ठरे, आणि नक्कल पुरी आहे का तेही कळे. रेडिओवरची शब्दगटांची मोजणी ती हीच. पण संख्या जुळली म्हणजे मजकूर जुळला असं नाही. एक ओवी गळली आणि एक नवी घुसली, तरी बेरीज तीच राहते. ज्ञानेश्वरीचं असंच होत गेलं होतं. म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला, एकनाथ महाराजांनी प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदच दिली.

संगणकात हे काम हॅश करतं. शा-२५६ नावाची पद्धत संपूर्ण फाइल वाचते आणि ६४ अक्षर-अंकांची एक ठशासारखी ओळ काढते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदला, सगळी ओळ बदलते. पाठवणाऱ्यानं ती ओळ संकेतस्थळावर छापलेली असेल, तर आपण आपल्याकडे आलेल्या फाइलची ओळ काढून ताडून बघू शकतो. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. कथा-कादंबरीसाठी कोणी एवढं करणार नाही. बँकेचं किंवा सरकारी ॲप बाहेरून उतरवून घेताना मात्र जरूर करावं. म्हणजे मुळात बाहेरून घेऊच नये.

आता अंतराचा प्रश्न. फाइल अमेरिकेत असेल आणि मागणारे भारतात लाखभर, तर वाट कितीही पक्की असली तरी कोंडी होणार. लडाखमध्ये झोजी ला हिवाळ्यात बर्फानं बंद होते. म्हणून उन्हाळ्यातच पुढच्या ठाण्यांवर धान्य, रॉकेल, दारूगोळा भरून ठेवतात, त्याला ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात. फायलींसाठी हीच कल्पना १९९८ मध्ये अकामाय कंपनीनं उभी केली. एमआयटीतले गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन. जगभर आपले सर्व्हर ठेवायचे आणि लोकप्रिय फायलींच्या प्रती मागणाऱ्याच्या जवळ नेऊन ठेवायच्या. हा लेविन आधी इस्रायली सैन्याच्या विशेष दलात अधिकारी होता. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात तो होता, वय अवघं ३१. त्या दिवशी बातम्या शोधायला सगळं जग वेबवर धावलं, आणि तो भार पेलणाऱ्यांत त्याच्याच कंपनीचे सर्व्हर होते.

त्याच वर्षी ब्रॅम कोहेननं बिटटॉरंट आणलं. त्याची रीत उलटी. कोठार नकोच, ज्याच्याकडे जो तुकडा आलाय तो त्यानं दुसऱ्याला द्यावा. प्रत्येक तुकड्याचा हॅश वेगळा, त्यामुळे कोणी खोटा तुकडा दिला तर लगेच पकडला जातो. चोरीच्या सिनेमांमुळे त्याचं नाव खराब झालं, पण रचना फार प्रामाणिक आहे.

आता आपल्या पुस्तकांकडे येतो. म्हैसूरच्या मानसगंगोत्रीत भारतीय भाषा संस्थान आहे, १९६९ पासून. त्यांचा ‘भारतवाणी’ हा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला. वेगवेगळ्या भारतीय भाषांतले कोश आणि पुस्तकं एका जागी. कोशातला शब्द तिथेच शोधता येतो आणि पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. मराठीही आहे, जरूर बघा.

त्याच्या आधीची गोष्ट आपल्या शेजारच्या बेंगळुरूची. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. २००३ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. देशभरच्या ग्रंथालयांतली पुस्तकं स्कॅन झाली. त्यात मराठीही खूप, शंभर-शंभर वर्षांपूर्वीची, ज्यांची पानं हात लावला की तुटतात अशी. पण वाचकाला पुस्तक मिळायचं ते एकेका पानाचं. प्रत्येक पान ही स्वतंत्र टिफ फाइल, पाहायला वेगळं प्लग-इन लागायचं. पुढचं पान हवं तर पुन्हा टिचकी, पुन्हा वाट बघणं. तीनशे पानांच्या पुस्तकाला तीनशे डाउनलोड!

तेव्हा काही हौशी प्रोग्रामरांनी छोटी सॉफ्टवेअर लिहिली. पानांच्या फायलींना ओळीनं आकडे होते. पुस्तकाचा क्रमांक द्यायचा, सॉफ्टवेअर एकेक पान मागत जाणार, एखादं आलं नाही तर परत मागणार, आणि शेवटी सगळी पानं जोडून एक पीडीएफ हातात देणार. रात्री लावून झोपायचं, सकाळी पुस्तक तयार. संस्थेनं जे करायला हवं होतं ते वाचकांनी करून घेतलं. पुस्तकं स्कॅन करणं अवघड काम, खर्चाचं काम. तेवढं केल्यावर ती वाचकाच्या हातात सुखरूप देणं ही शेवटची पायरी कोणालाच आपली वाटली नाही. सरकारी प्रकल्पांत हे मी फार बघितलंय. रसद तळापर्यंत पोचते, चौकीपर्यंत नाही.

पुढे स्वामित्वहक्काचे प्रश्न निघाले. ते खोटे नव्हते, हक्क शिल्लक असलेलीही पुस्तकं त्यात होती. ते संकेतस्थळ बंद पडलं. पण तोवर त्यातल्या चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हवर जाऊन बसल्या होत्या. कार्ल मालामूद यांनी त्यासाठी खटपट केली. आज तुम्ही आर्काइव्हवर जुनं मराठी पुस्तक शोधता, तेव्हा अनेकदा पत्त्यात ‘डीएलआय’ आणि ‘२०१५’ अशी अक्षरं दिसतात. ती या बंद पडलेल्या ग्रंथालयाची खूण. आर्काइव्ह फाइल मधून पुढे द्यायला तयार असतं, प्रत्येक फाइलचा हॅश देतं, टॉरंटही देतं. फायली मोठ्या आहेत, पण तुटल्या तरी पुढे चालू राहतात. म्हैसूरहून मी ते वारंवार करून बघितलंय.

आणि म्हणूनच हल्ली ‘डाउनलोडची कटकटच नको, आमच्या ॲपमध्ये वाचा’ असं कोणी म्हणालं की मी सावध होतो. ते सोपं असतं, वादच नाही. पण २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं त्यांच्या किंडलवरून दुरूनच काढून घेतली होती. पुढे माफी मागितली, पैसे परत केले, ते ठीक. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलनं किंडलवर न्यायची सोयही बंद केली. पट्टी कुठे अडकत नाही, शून्यावर जात नाही, कारण पट्टीच नाही. आणि फाइलही तुमची नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची पुस्तकं वाचली, कारण कोणीतरी त्या फायली खरोखर उतरवून घेतल्या होत्या.

तुमच्यापैकी बरेच जण परराज्यांतल्या महाराष्ट्र मंडळांचं काम बघता, स्मरणिका आणि अंक संकेतस्थळावर चढवता. त्यांना थोडं सांगतो. नुसत्या मजकुराची पानं रंगीत स्कॅन करू नका. काळ्या-पांढऱ्यात फाइल कितीतरी लहान होते. दुव्याशेजारी आकार आणि पानांची संख्या लिहा, म्हणजे पुरी आली का ते आजीलाही कळेल. पीडीएफ साठवताना ‘फास्ट वेब व्ह्यू’ चालू ठेवा, त्यानं बाकी फाइल येत असतानाच पहिलं पान उघडतं. दर वर्षी दुवा बदलू नका. आणि एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर टाका, मंडळाचं संकेतस्थळ भाडं न भरल्यामुळे बंद पडतं तेव्हा ती कामाला येते. पडतंच.

मग स्वतःच्या फोनवर तपासा. वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर डाउनलोड सुरू करा. पट्टी अर्ध्यावर आली की विमान मोड लावा, अर्धा मिनिट थांबा, काढा, आणि पुन्हा सुरू करा. अर्ध्यावरून पुढे गेली तर झालं काम. शून्यावर गेली तर संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला फोन करा आणि विचारा, आपल्या सर्व्हरवर रेंज रिक्वेस्ट चालू आहे का? तो म्हणेल, ‘बघून सांगतो.’ दोन दिवसांनी पुन्हा विमान मोड लावून बघा.